आपल्या दाराशी असलेले तिवरांचे रान
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘भाषण’ हा शब्द छापलेला पाहून घरी सर्वांनी माझी यथेच्छ थट्टा केली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण म्हणावे असे मी आजवर एकदाच केले, तेही शाळेत टिळक पुण्यतिथीला, पाठ करून. चिटणीसबाईंनी मला प्रथम ‘काटकसरीचे पदार्थ’ हा विषय सुचवला होता. परंतु माझ्यापेक्षा सरस सुगरणी या सभेत निदान वीस तरी बसल्या आहेत, त्यांच्यापुढे मी काय सांगणार! तेव्हा मी म्हटले, आपल्या कांजूरच्या पूर्वेला, द्रुतगती महामार्गाच्या पलीकडे जे हिरवे रान दिसते, त्याविषयी चार गोष्टी सांगते. चिटणीसबाई जरा विचारात पडल्या, पण ‘बरे’ म्हणाल्या.

हा विषय मला कोठून मिळाला तेही सांगते. माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीकाठचे. तिकडे कांदळ, चिपी, तिवर ही नावे आम्हां मुलींना आंबा-फणसाइतकीच ओळखीची होती. सासरी कांजूरला आले तेव्हा शेजारच्या एक आगरी आजी भेटल्या. त्यांचे अर्धे आयुष्य मिठागरात गेलेले. खाडीच्या गोष्टी त्यांनी मला भाजी निवडता निवडता सांगितल्या. आणि हल्ली माझी भाची कॉलेजात हाच विषय शिकते, तिने मराठीतली दोन-तीन पुस्तके आणून दिली व ऐरोलीच्या केंद्रातही नेऊन दाखवले. म्हणजे आजींचे ज्ञान, भाचीचे ज्ञान आणि मध्ये मी, असा हा प्रकार आहे.

आपली ठाण्याची खाडी सुमारे सव्वीस किलोमीटर लांबीची आहे. वर ठाण्याजवळ ती अरुंद असून एका चिंचोळ्या वाटेने उल्हास नदीला जोडलेली आहे, आणि खाली रुंद होत होत मुंबई बंदराला मिळते. तिच्या दोन्ही काठांना चिखलाचे पट्टे आहेत व त्या चिखलावर हे रान उभे आहे. महाराष्ट्र सरकारने ६ ऑगस्ट २०१५ रोजी या खाडीचा पश्चिमेकडचा, ऐरोलीच्या पुलापासून वाशीच्या पुलापर्यंतचा भाग ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून जाहीर केला. क्षेत्र १६९० हेक्टर. त्यात निम्म्याहून थोडे अधिक तिवरांचे जंगल व बाकीचे पाणी. पश्चिमेकडचा काठ म्हणजे कोणता? तर मुलुंड, भांडूप, कांजूर, विक्रोळी यांचा काठ. म्हणजे भगिनींनो, आपण ज्याला ‘तो चिखल’ म्हणतो ते सरकारी कागदावर अभयारण्य आहे. मालवणच्या नंतर राज्यातले समुद्री जिवांचे हे दुसरे अभयारण्य. पुढे २०२२ च्या ऑगस्टमध्ये ही खाडी ‘रामसर’ यादीत गेली. इराणमध्ये रामसर नावाचे गाव आहे. तेथे १९७१ साली अनेक देशांनी मिळून पाणथळ जागा राखण्याचा करार केला, त्यावरून हे नाव. महाराष्ट्रात नाशिकजवळचे नांदूर मधमेश्वर, बुलढाण्याचे लोणार आणि त्यानंतर आपली ठाणे खाडी, असा या यादीतला क्रम आहे.

बंगालमध्ये सुंदरबन आहे, ते १९८४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे तिवरांत वाघ राहतो. ओडिशात भितरकनिका आहे, ते १९९८ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे खाऱ्या पाण्यातल्या मोठाल्या मगरी. आपल्याकडे वाघ नाही, मगर नाही. आपल्याकडे काय आहे ते आता पाहू.

पहिल्याने झाडे. खाऱ्या पाण्यात झाड जगते हीच मुळी नवलाची गोष्ट आहे. तुळशीला चुकून खारे पाणी पडले तर चार दिवसांत माना टाकते. मग ही झाडे कशी उभी राहतात? कांदळ हे झाड मुळांतूनच पाणी गाळून घेते व बहुतेक मीठ बाहेरच ठेवते, जणू मुळांनाच गाळणे बसवले आहे. तिवर मात्र मीठ आत येऊ देते आणि मग पानांवाटे बाहेर टाकते. उन्हाच्या वेळी तिवराचे पान जवळून पाहा, त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. जिभेला लावले तर खारट लागते. मी लावून पाहिले आहे, आणि भाचीने मला त्यावरून बरेच चिडवलेही आहे.

दुसरी अडचण श्वासाची. त्या चिखलात हवा नसते. कोणी पाय घातला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो त्याचमुळे. आपली साधी झाडे मुळांनी जमिनीतली हवा घेतात. येथे ती मिळत नाही. म्हणून तिवराची मुळे खालून वर येतात! चिखलातून सरळ उभी, बोटभर-वीतभर उंचीची, पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशी. एकेका झाडाभोवती अशी हजारो मुळे असतात. ओहोटी लागली की ती उघडी पडतात व त्यांच्या अंगावरच्या बारीक छिद्रांतून झाड श्वास घेते. म्हणजे दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि ओहोटीच्या वेळी झाडाने श्वास भरून घ्यायचा. ही गोष्ट तुम्ही नीट लक्षात ठेवा, कारण पुढे आपल्याच घरातल्या एका वस्तूचा तिच्याशी संबंध येणार आहे.

तिसरी गोष्ट तर आपणां बायकांना खास आवडेल. कांदळाचे बी झाडावरून सुटे होऊन खाली पडत नाही. ते फळात असतानाच रुजते. आईच्या अंगावरच त्याला हिरवी, लांब, शेवग्याच्या शेंगेसारखी दांडी फुटते, आणि ते पुरेसे मोठे झाले म्हणजे सुटते. खाली चिखल असला तर त्यात उभेच रुतते. भरती असली तर तरंगत दुसरीकडे जाते व तेथे मूळ धरते. तिवराचे बीही फळाच्या आतच रुजलेले असते, फक्त वरून दिसत नाही. एवढ्या खाऱ्या, हलत्या जागी बी उघड्यावर टाकले तर जगणार नाही, म्हणून चालते-बोलते करूनच लेकराला बाहेर पाठवायचे. आपण तरी आणखी काय करतो?

आपल्या काठाला अधिक करून तिवरच आहे. चिपीही दिसते. तिच्या फुलांना रात्री बहर येतो. चिपीच्या एका जातीला, पांढऱ्या चिपीला, २०२० साली महाराष्ट्राने ‘राज्य कांदळवन वृक्ष’ म्हणून मान दिला. जसा आंबा, जसा ताम्हण, जसे हरियाल, तशी आता चिपी. असा मान देणारे आपलेच राज्य पहिले. आणखी एक झाड आहे, गेवा नावाचे. त्याचा पांढरा चीक फार जहाल. अंगाला लागला तर फोड येतात, डोळ्यांत गेला तर काही काळ दिसेनासे होते. मुले तिकडे क्रिकेटचा चेंडू शोधायला शिरतात म्हणून हे मुद्दाम सांगते.

आजी सांगत, पूर्वी घरोघर तिवराचे सरपण जळे, आणि कांदळाच्या सालीच्या रंगात मासेमार आपली सुती जाळी बुडवत, म्हणजे ती लवकर कुजत नसत. आता गॅस आला, नायलॉनची जाळी आली, तेव्हा ती तोड थांबली. हल्लीची तोड वेगळ्या कारणांसाठी होते, त्याबद्दल पुढे येते.

आता प्राणी. ओहोटीला चिखलावर निवटे उड्या मारताना दिसतात. हा मासा असूनही पाण्याबाहेर हिंडतो. पुढच्या परांनी सरपटतो, डोळे कपाळावर, आणि दुसरा निवटा हद्दीत आला की पाठीचा पर उभारून भांडायला तयार. मला तर नळावरची सकाळ आठवते. मग खेकडे. त्यातला एक बारीक जातीचा, नराची एक नांगी त्याच्या सगळ्या अंगापेक्षा मोठी, ती तो वरखाली हलवत बसतो; मादीला बोलावण्याची ती रीत. खेकडे झाडांची पडलेली पाने बिळात ओढून नेतात, कुरतडतात. त्यामुळे पानांचा चुरा होतो, तो चुरा बारीक जीव खातात, त्यांना कोलंबीची व माशांची पिल्ले खातात. जिताडा, बोई, कोलंबी, चिंबोरी या सगळ्यांची लहानपणाची वर्षे याच मुळांच्या जाळीत जातात, कारण मोठ्या माशांना तेथे शिरता येत नाही. तेव्हा ज्या भगिनी खात नाहीत त्यांनी क्षमा करावी, पण ज्या खातात त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की बाजारात कोळीणबाईंच्या टोपलीतला जिताडा महाग का झाला, त्याचे एक कारण या रानात आहे. आजी म्हणत, एके काळी मिठागराच्या बांधावरून नुसत्या हाताने चिंबोऱ्या धरून आणायचो. आता खाडीच्या पाण्यात कारखान्यांचे व गटारांचे पाणी इतके मिसळले आहे की पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत.

पूर्वेकडे राहणाऱ्यांनी रात्री कोल्हेकुई ऐकली असेल. ती कुत्र्यांची नव्हे, खरीच कोल्ह्यांची. सोनेरी कोल्हा आपल्या या तिवरांत राहतो. विक्रोळी, कांजूर, भांडूप, पलीकडे नवी मुंबई, सगळीकडे तो दिसलेला आहे. कोल्हा काकडीला राजी असे म्हणतात, पण आमचा कांजूरचा कोल्हा चिंबोरीला राजी! खेकडे, मासे, उंदीर, मिळेल ते तो खातो. माणसाच्या वाटेला तो आपण होऊन जात नाही. मात्र रस्त्यावरच्या कुत्र्यांचे रोग त्याला लागतात, पिसाळण्याचाही लागू शकतो. म्हणून त्याला पोळी घालायला जाऊ नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये, आणि कोणाला चावलाच तर हळद न लावता जखम साबणाने व वाहत्या पाण्याने खूप वेळ धुऊन त्याच दिवशी इस्पितळात जावे.

आणि आता ज्यांच्या नावाने हे अभयारण्य झाले ते पाहुणे. आपल्याकडे त्यांना रोहित म्हणतात, कोणी अग्निपंख म्हणतात, मुले फ्लेमिंगो म्हणतात. त्यांच्यात मोठा रोहित व छोटा रोहित असे दोन प्रकार. आपल्याकडे छोट्यांची गर्दी फार. दिवाळी आटोपली की ते येऊ लागतात, मे-जूनपर्यंत राहतात. बहुतेक गुजरातेतून, कच्छच्या रणाकडून. गेल्या काही वर्षांत या खाडीत त्यांची गणती लाखावर गेली आहे. चिखलात शेवाळासारखे एक सूक्ष्म खाद्य असते, ते चोच उलटी धरून, पाणी गाळून खातात; आपण तांदूळ रोवळतो ना, तसे. त्या खाद्यातल्या रंगानेच त्यांचे पंख गुलाबी होतात. पिल्लू मात्र जन्मतः राखी-पांढरे, त्याला रंग चढायला दोन-तीन वर्षे जातात.

त्यांचा संसारही ऐकण्यासारखा आहे. कच्छच्या रणात चिखलाचा लहानसा ओटा करतात, त्यावर एकच अंडे. नर व मादी दोघेही आळीपाळीने उबवतात. पिल्लाला दोघेही आपल्या गळ्यात तयार होणारे दुधासारखे द्रव्य पाजतात. बरे का, दोघेही! (येथे पुरुषमंडळींनी कान द्यावा, मागच्या रांगेत दोघे-चौघे उभे आहेत ते मी पाहिले आहे.) आणि पिल्ले थोडी मोठी झाली की सगळ्यांची एकत्र टोळी करून चार-दोन मोठ्या पक्ष्यांच्या देखरेखीखाली ठेवतात व बाकीचे चाऱ्याला जातात. पाळणाघर काढण्याची चर्चा आपल्या मंडळात तीन वर्षे चालली आहे. त्यांच्याकडे ते केव्हाच चालू आहे.

रोहितांखेरीज दोनशेच्या वर जातींचे पक्षी या खाडीवर नोंदले गेले आहेत. बगळे, शेकाटे, चित्रबलाक, खंड्या, थंडीत उत्तरेकडून येणारे लहान लहान तुतवार. भांडूपच्या पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर रविवारी सकाळी गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसे दिसतात, ती याच्यासाठी दूरदूरहून आलेली असतात. आपण मात्र तेथून रिक्षाने दहा मिनिटांवर राहून गेलेलो नसतो.

२० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला पंतनगरच्या बाजूला रोहितांचा थवा उतरत्या विमानाला धडकला. तीसहून अधिक पक्षी मरून रस्त्यांवर, इमारतींच्या आवारात पडले. लोकांनी सकाळी ते गोळा केले. कोणाची चूक ते मी सांगू शकत नाही. पण रात्री एवढा थवा का उडाला, त्यांच्या बसण्याच्या जागा कमी होत चालल्या म्हणून की काय, हा प्रश्न तेव्हा जाणत्या लोकांनी विचारला होता, आणि तो मला योग्य वाटतो.

येथे भरती-ओहोटीचे थोडे सांगते, कारण पक्षी पाहायचे तर ती वेळ कळली पाहिजे आणि ते गणित आपल्या पंचांगात आहे. आजींनी मला शिकवले: तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी एकदा व पहाटे एकदा. अष्टमीला सहा. पुढे सहा तासांनी ओहोटी पूर्ण. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी फार चढते व फार उतरते. अष्टमी-नवमीला भांग, तेव्हा चढ-उतार थोडा. खाडीत वर आत थोडा वेळ पुढेमागे होतो, पण अडाणी म्हणवणाऱ्या माणसांनी हे गणित बोटांवर ठेवले होते. आपण रोज उपासाकरिता तिथी पाहतो, तीच तिथी खाडीचे घड्याळ आहे. ओहोटीला पक्षी चिखलावर पसरून खातात. भरती आली की चिखल बुडतो, मग ते बाजूच्या मिठागरांत, उथळ तळ्यांत जाऊन उभे राहतात. म्हणजे त्यांना चिखलही हवा आणि मिठागरही हवे. ताट आणि पाट दोन्ही, असे म्हणा ना!

आता कोणी म्हणेल, पक्ष्यांचे ठीक आहे, आमचे काय? आमच्या नशिबी डास आणि वास. तर दोन्हींबद्दल बोलते.

डासांचे खापर आपण तिवरांवर फोडतो. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो: पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत, फ्रिजमागच्या भांड्यात. मुंबईत मलेरिया पसरवणारा डासही मुख्यतः टाक्यांतल्या, विहिरींतल्या गोड्या पाण्यात वाढतो. भरतीच्या खाऱ्या पाण्याने रोज दोनदा धुतल्या जाणाऱ्या चिखलापेक्षा आपल्या गच्चीवरची उघडी टाकी अधिक घातक आहे. खाडीचे पाणी भराव घालून अडवले, तर मात्र त्या साचलेल्या डबक्यात डास होतात. पण मग दोष भरावाचा.

वासाचे दुखणे खरे आहे. २०११ पासून कांजूरच्या खाडीकाठी शहराचा कचरा टाकला जातो. वारा फिरला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात, हे मी पूर्वेच्या भगिनींना काय सांगणार. त्या जागेचा न्यायालयातला इतिहास मात्र पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगते. ती जमीन संरक्षित वनात होती. २००९ साली त्यातली ११९.९१ हेक्टर जमीन वनातून वगळल्याची अधिसूचना निघाली. एका पर्यावरण संस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली. २ मे २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते वगळणे रद्द ठरवले व जमीन पुन्हा संरक्षित वन असल्याचे सांगितले. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. कचरा कुठेतरी जायलाच हवा, हेही खरे. परंतु तो कचरा आकाशातून पडत नाही, तो आपल्या घरातून जातो, आणि ओला-सुका वेगळा करण्याचा आपल्या चाळीतला उत्साह दोन आठवडे टिकला, हे येथे नमूद करते.

मग तिवरांचा आपल्याला उपयोग काय? २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. भरती आणि पाऊस एका वेळी आला, पाण्याला जायला वाट उरली नाही. त्या रात्री आमच्या खोलीत पलंगाच्या पाट्यापर्यंत पाणी होते. मी मुलाला माळ्यावर बसवून रात्र काढली, आणि आमचे हे दुसऱ्या दिवशी दुपारी दादरहून चालत घरी पोचले. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणींची हीच कथा असेल. शहराचे पाणी शेवटी खाडीलाच जाते. खाडीकाठची तिवरे व मिठागरे ही पाण्याची पसरण्याची जागा आहे. ती भरून टाकली की पाणी आपल्या खोलीत पसरते, कारण त्याला कोठेतरी पसरायचेच असते. ओडिशात १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये महाचक्रीवादळ आले, हजारो माणसे गेली. पुढे अभ्यासकांनी केंद्रापाडा जिल्ह्यातली गावे पाहिली, तेव्हा ज्या गावांच्या पुढे तिवरांचे रुंद रान शिल्लक होते तेथे माणसे कमी दगावली होती असे आढळले. २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूतल्या पिचावरमकडेही रानाच्या आडोशाची गावे पुष्कळ वाचली असे सांगतात.

याच २००५ साली, ऑक्टोबरमध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरे तोडण्यास बंदी केली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकाल देताना सांगितले की तिवरे नष्ट करणे हे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला घालण्यासारखे आहे. भोवती पन्नास मीटरपर्यंत बांधकाम वा भरावही नको. राज्याच्या वनखात्यात २०१२ पासून तिवरांसाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. शेजारच्या विक्रोळीला गोदरेजांच्या जमिनीवरचे रान तर त्यांनी कित्येक वर्षे राखले आहे. म्हणजे राखायचे म्हटले तर राखता येते.

मिठागरांबद्दल बोलताना मात्र माझी जीभ अडखळते. २०२४ साली धारावीच्या पुनर्वसनातल्या घरांसाठी कांजूर, भांडूप, मुलुंड या बाजूची सुमारे २५५ एकर मिठागराची जमीन देण्यास मंजुरी मिळाली. घर नको असे मी कोणाला कोणत्या तोंडाने म्हणू? दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसांनी संसार केला आहे. धारावीतल्या बाईलाही स्वतःचा संडास व खिडकी हवी, ती तिला मिळालीच पाहिजे. पण ती खिडकी पाण्याच्या वाटेवर काढून देऊ नये, एवढे माझे म्हणणे. पुन्हा तसा पाऊस आला तर पहिले पाणी तिच्याच घरात शिरेल आणि दुसरे आपल्या. सरकारजवळ नकाशे आहेत, शिकलेली माणसे आहेत. इतक्या मोठ्या शहरात कोरडी जमीन मुळीच नाही, हे मला पटत नाही. तुम्हांपैकी काहींना माझे हे बोलणे रुचणार नाही, ठाऊक आहे. चहाच्या वेळी माझ्याशी खुशाल भांडा.

वेंगुर्ल्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र मी खाली बसणार नाही. तेथे मांडवी खाडी आहे. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या बायकांनी ‘स्वामिनी’ नावाचा बचत गट केला आणि २०१७ साली पाहुण्यांना होडीतून तिवरांची सफर घडवायला सुरुवात केली. होडीला इंजिन नाही, बायकाच वल्हवतात. कुठले झाड कोणते, मुळे वर का येतात, कोणता पक्षी कुठे बसतो, हे सगळे त्याच समजावून सांगतात. त्यासाठी त्या नीट शिकल्या, पाठ केले, आणि आता बाहेरगावची, परदेशची माणसे त्यांच्याकडून ऐकतात. माझ्यासारख्याच थोडे शिकलेल्या बाया असतील त्या. ज्या रानाकडे गाव सरपणाचे रान म्हणून पाही, त्याने त्यांच्या चुली चालवायला हातभार लावला, तोही न तोडता.

आपण होड्या वल्हवाव्यात असे मी म्हणत नाही. आमच्या गुडघ्यांची स्थिती सर्वांना माहीत आहे. पण तीन गोष्टी कार्यकारिणीपुढे ठेवते.

मघाशी म्हटले होते की मुळांचा व घरातल्या एका वस्तूचा संबंध आहे. ती वस्तू म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी. निर्माल्य आपण श्रद्धेने पिशवीत भरतो, गाठ मारतो आणि खाडीत सोडतो. भरती ती पिशवी उचलते व ओहोटीला तिवरांत ठेवून जाते. ती पिशवी त्या पेन्सिलीसारख्या मुळांवर टोपडे घातल्यासारखी बसते. मग झाडाने श्वास कोठून घ्यावा? भाचीने मला ऐरोलीला नेले तेव्हा अशी मुळे मी डोळ्यांनी पाहिली, एकेकावर तीन-तीन पिशव्या, दुधाच्या, वेफर्सच्या, आणि एकीत तर अजून झेंडूची फुले. देवाला वाहिलेले फूल दुसऱ्या जिवाचा गळा आवळायला जावे, हे देवालाही आवडणार नाही. तेव्हा मंडळाच्या अंगणात निर्माल्याचा एक पिंप ठेवावा व खत करावे. मी रोज पाहीन.

दुसरे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, टोपल्या लुटणे बंद करावे. मागच्या वर्षी माझ्या घरी अठरा चाळण्या जमल्या. अठरा चाळण्यांचे एका बाईने काय करावे? त्याऐवजी सुपारी, गूळ, साबण, कापडी पिशवी, काहीही.

तिसरे, तिवरे तोडताना, भराव टाकताना कोणी दिसले तर एकटीने भांडायला जाऊ नये. वनखात्याचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे, त्यावर कळवावे. जागा, वेळ, गाडी दिसली तर तिचा क्रमांक सांगावा. हा क्रमांक मंडळाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा अशी चिटणीसबाईंना विनंती.

राहता राहिली सहल. ऐरोलीला वनखात्याचे सागरी जैवविविधतेचे केंद्र आहे. मुलुंडवरून पूल ओलांडला की आलेच. तेथून खाडीत बोटीने नेऊन पक्षी दाखवतात. बोट भरतीच्या हिशेबाने सुटते, म्हणून वेळ आधी विचारावी लागेल. मार्गशीर्षातले गुरुवार संपल्यावर जावे असे माझ्या मनात आहे, म्हणजे उपासाची अडचण नाही आणि रोहितही भरपूर आलेले असतील. ज्यांना यायचे त्यांनी आज जाण्यापूर्वी खजिनदारबाईंकडे नावे द्यावीत. भडक साड्या नेसू नयेत, पक्षी बुजतात. डब्यात कोरडे पदार्थ आणावेत, आणि कागद-पिशव्या परत घरी आणाव्यात. नातवंडांना आणायला हरकत नाही. सासूबाईंनाही आणा, बोटीत बसायला खुर्च्या आहेत का ते मी विचारून ठेवते.